अप्पांच्या तिथी आणि माझी स्क्रिप्ट

सासऱ्यांच्या प्रोग्रामला हात लावू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं अशातला भाग नाही. बायकोनं सांगितलं होतं, वरच्या मजल्यावरच्या विद्यालक्ष्मी मामींनी जिन्यात थांबवून सांगितलं होतं, आणि खुद्द सासऱ्यांनीही सांगितलं होतं. फक्त प्रोग्रामनं सांगितलं नव्हतं, आणि मी इंजिनिअर असल्यामुळे बाकीच्यांचं ऐकायची मला सवय नाही.

हा प्रोग्राम तिथी काढतो. माझे सासरे गिरिधर राव, घरात सगळे त्यांना अप्पा म्हणतात, हे तंजावरी मराठी. त्यांचे पूर्वज तंजावरला जाताना जी मराठी बरोबर घेऊन गेले तीच हे लोक अजून बोलतात, वरून तमिळची फोडणी देऊन. मी मिरजेचा. लग्न ठरवायला पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो तेव्हा अप्पांनी मला "बैसा. जेवण झालें कीं व्हायाचें हाय?" असं विचारलं, आणि आपण पेशवाईत नोकरीसाठी मुलाखत द्यायला आलोय असं मला वाटलं होतं. आता ते आमच्याकडेच चेन्नईत पेरुंगुडीला राहतात. एका कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात त्यांची सगळी नोकरी झाली आणि तिथेच ते सी भाषा शिकले. निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीचे लोक पार्कात हसायचे वर्ग लावतात. अप्पांनी पंचांग लिहिलं.

चेन्नईतल्या तंजावरी मराठी घरांत वडिलांचं, आजोबांचं श्राद्ध तिथीनं करतात. तिथीची इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. ती अप्पांचा प्रोग्राम सांगतो. इथपर्यंत सोपं आहे. पण श्राद्धाला दुपारी असलेली तिथी धरायची असते, आणि तिथी काही घड्याळ बघून येत-जात नाही. कधीकधी एकच तिथी दोन दिवस दुपारी हजर असते. मग पहिला दिवस धरायचा की दुसरा? शास्त्र काय म्हणतं ते बाजूला राहतं; प्रत्येक घर आपल्याकडे काय करायचे ते म्हणतं. कुणाकडे पहिला, कुणाकडे दुसरा, कुणाकडे पहिला पण सोमवार असला तर दुसरा, कारण आजोबांचा सोमवारी उपास असे. ह्या सगळ्या चाली अप्पांनी 'जर असं तर तसं' करत सी भाषेत कोंबल्या होत्या. त्यामुळे एखाद्या घराला चाल बदलायची झाली की ते अप्पांना फोन करत, अप्पा प्रोग्राम उघडत, एक ओळ घालत, आणि सगळा प्रोग्राम मशिनला कळेलसा करायला पुन्हा कंपाइल करत. त्यात एखादा अर्धविराम राहिला की दुपार जाई. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून अर्धविराम आणि अपूर्णविराम त्यांना जुळ्या भावांसारखे दिसत.

माझी अडचण वेगळी होती. मी गाड्यांच्या काचांचं सॉफ्टवेअर लिहितो. काच वर जाताना मध्ये कुणाचं बोट आलं तर ती थांबावी, एवढ्या एका विषयावर माझं पोट चालतं. अर्धा आठवडा मी घरून काम करतो, आणि ज्या खोलीत मी बसतो तिच्या शेजारीच अप्पा फोनवर बसलेले असत. फोन सकाळी सुरू होई. अप्पांना वाटतं की माणूस लांब असेल तर आवाज मोठा करावा लागतो. "काय म्हणतां? पंचमी? कृष्ण कीं शुक्ल? अहो, दुपारीं हाय कीं नाहीं तें पाहिलें पाह्यजे!" एकदा मीटिंगमध्ये आमच्या जर्मन साहेबानं अदबीनं विचारलं, की पंचमी हे पुढच्या रिलीजचं नाव ठरलंय का.

तेव्हा मी ठरवलं की ह्याचा कायमचा बंदोबस्त करायचा.

"अप्पा," मी म्हणालो, "तुमचा प्रोग्राम आहे तसाच राहील. चंद्र-सूर्याचं गणित सगळं सीमध्येच. त्याच्या पोटात आपण एक छोटी स्क्रिप्ट भाषा बसवू. घरोघरच्या चाली त्या भाषेत लिहायच्या. बदललं की लगेच लागू. पुन्हा कंपाइल करायला नको."

अप्पांनी चष्मा काढला. "म्हणजे ज्याची चाल त्याणें लिहायाची?"

"बरोबर."

"मज न विचारतां?"

"तोच तर फायदा आहे!"

अप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा घातला. ह्याचा अर्थ होकार आहे असं मी धरून चाललो. कपाळावर आठी म्हणजे नकार आणि गप्प म्हणजे होकार, असा माझा साधा हिशेब होता.

रंजनीला, म्हणजे माझ्या बायकोला, मी कोलमचं, म्हणजे इकडच्या रांगोळीचं, उदाहरण देऊन समजावलं. "दारातली पायरी दगडाची असते, ती आपण रोज बदलत नाही. पण तिच्यापुढचा कोलम रोज सकाळी पुसून नवा काढतो. सी म्हणजे पायरी. स्क्रिप्ट म्हणजे कोलम."

"आणि कोलम कोण काढतं?" रंजनीनं विचारलं.

"कुणीही काढू शकतं."

"तू कधी काढलायस?"

हा प्रश्न तांत्रिक नसल्यामुळे मी त्याचं उत्तर दिलं नाही.

दोन भाषा एका घरात नांदवणं वाटतं तितकं अवघड नसतं, आणि वाटतं तितकं सोपंही नसतं. त्या एकमेकींशी सरळ बोलत नाहीत. मध्ये एक चळत असते, ताटांची असते तशी. सीनं एक ताट वर ठेवायचं, स्क्रिप्टनं ते उचलायचं, आपलं उत्तर ठेवायचं, ते सीनं उचलायचं. कुणी ठेवलेलं ताट दुसऱ्यानं उचललं नाही तर चळत वाढत जाते आणि एक दिवस कोसळते. आमच्या घरात अप्पा आणि मी यांच्यामध्ये रंजनी अशीच आहे. अप्पांना माझ्याबद्दल काही म्हणायचं असलं की ते तिच्यापाशी ठेवतात, मी तिच्याकडून उचलतो. कधीकधी उचलायचं राहतं.

चळत मी नीट सांभाळली, हे इथं नमूद करून ठेवतो. पुढं जे झालं ते चळतीमुळे झालं नाही.

अडचण भाषेच्या शब्दांवरून सुरू झाली. मी उत्साहाच्या भरात ठरवलं होतं की नियम मराठीतच लिहिता आले पाहिजेत. 'जर', 'तर', 'नाहीतर', 'पहिला', 'दुसरा'. हे दाखवायला मी आणि अप्पा टी. नगरला सभेच्या बैठकीला गेलो. ही त्यांच्या समाजाची सभा; एका साडीच्या दुकानामागे हॉल आहे, तिथं भरते. सुब्बा राव सचिव आहेत. सभेत ठराव झाल्याशिवाय ते पंखासुद्धा वाढवू देत नाहीत.

सुब्बा रावांनी पडद्यावरचं 'नाहीतर' वाचलं, म्हणजे मी वाचून दाखवलं, आणि ते म्हणाले, "हें धमकी दिल्यासारखें वाटतें. जर दुपारीं असेल तर पहिला, नाहींतर... नाहींतर काय? मारशील?"

मी म्हणालो, की मराठीत असंच म्हणतात.

"तुमच्या मराठींत," सुब्बा राव म्हणाले. हॉलमध्ये बऱ्याच माना हलल्या. मिरजेच्या माणसाला मराठी चुकते म्हणून सांगितलं जाण्याचा हा माझा पहिला प्रसंग. मी हसलो. ते हसू रंजनी हजर असती तर तिनं ओळखलं असतं.

मग निघालं की सभेतल्या निम्म्याअधिक लोकांना देवनागरी वाचता येत नाही. ते मराठी तमिळ लिपीत लिहितात. म्हणजे शब्द तमिळ लिपीतही चालले पाहिजेत. तमिळ लिपीत क आणि ग एकाच अक्षरानं लिहितात, त आणि द एकाच. 'गिरिधर' तिथं 'किरितर' होतो. माझ्या भाषेला हे सगळं शिकवता शिकवता माझं स्वतःचं 'दुसरा' तोंडात 'तुसरा' व्हायला लागलं. एकदा ऑफिसात मी काचेच्या मोटरला 'तुसरी मोटर' म्हणालो आणि सगळ्यांनी ते नवं पारिभाषिक नाव समजून लिहून घेतलं.

पुढच्या बैठकीत प्रात्यक्षिक होतं. अप्पा पहिल्या रांगेत. सुब्बा रावांनी आपल्या घरची चाल स्वतःच्या हातानं लिहिली: दोन्ही दुपारी असेल तर दुसरा. मी बटण दाबलं. प्रोग्राम बंद पडला. नुसता बंद पडला नाही, पडद्यावरची त्याची काळी खिडकीच नाहीशी झाली, जशी काही ती कधी नव्हतीच.

"अय्यो," मागून कुणीतरी म्हणालं.

"अप्पांचा प्रोग्राम इतकीं वर्षें कधीं मेला नाहीं," सुब्बा राव म्हणाले. श्राद्धाच्या सभेत 'मेला' हा शब्द जरा जपून वापरायला हवा होता, पण त्या क्षणी भाषेबद्दल कुणाला काही सांगण्याच्या मनःस्थितीत मी नव्हतो.

घरी येऊन बघितलं तर स्क्रिप्टनं यादीत नसलेला दिवस मागितला होता. दुपारी तिथी असलेल्या दोनच दिवसांची यादी, आणि ही तिच्या पलीकडे हात घालत होती. का घालत होती, हे शोधायला हवं होतं. पण मला सभेला लगेच दाखवायचं होतं की माझं काम पक्कं आहे. मी सीमध्ये एक ओळ टाकली: यादीबाहेरचं काही मागितलं तर यादीतला शेवटचा दिवस दे. त्यानंतरच्या बैठकीत पुन्हा चालवून दाखवलं. सुब्बा रावांना 'दुसरा' हवा होता, दुसरा आला. सभेनं टाळ्या वाजवल्या. अप्पांनी नाही वाजवल्या; ते म्हणाले, "सरि," म्हणजे ठीक. तमिळमध्ये 'सरि' अनेक प्रकारे म्हणता येतं. हा कुठला प्रकार होता ते मला तेव्हा कळलं नाही.

मग लोकांनी नियम लिहायला सुरुवात केली, आणि मला वाटलं नव्हतं इतका त्यांना चेव आला. एकानं आपल्या मेव्हण्याला सुट्टी असेल तोच दिवस धरायचा नियम लिहिला. एकानं सुनेचं माहेर आणि सासर यांच्या तारखा एकाच आठवड्यात येऊ नयेत म्हणून इतका लांबलचक नियम लिहिला की तो वाचून मला त्या सुनेची काळजी वाटू लागली. विद्यालक्ष्मी मामी गणिताच्या निवृत्त शिक्षिका. त्यांनी लिहिलं: अमावास्या येईपर्यंत थांब. प्रोग्राम थांबला. खरोखरच थांबला. अमावास्या दोन आठवडे लांब होती आणि माझी स्क्रिप्ट इमानानं तिची वाट बघत बसली होती. मी वर जाऊन मामींना म्हणालो, की कॉम्प्युटरमध्ये असं थांबता येत नाही.

"कां येत नाहीं? मज घाई नाहीं," मामी म्हणाल्या, आणि त्यांनी मला कॉफी दिली.

त्यावरही मी उपाय केला. एखादा नियम फार वेळ रेंगाळला की त्याला हाकलायची सोय केली. सगळ्या घरांच्या तारखा आपोआप सभेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाऊ लागल्या. फोन थांबले. माझ्या मीटिंगा शांततेत होऊ लागल्या. जर्मन साहेबानं विचारलं, की पंचमीचं काय झालं. मी म्हणालो, रिलीज झाली.

अप्पा सकाळी अंघोळ करून, कपाळाला गंध लावून फोनपाशी येऊन बसत. आधी पेपर वाचत. मग पेपरातल्या जाहिराती वाचत. एका दुपारी ते रंजनीला म्हणाले, "माझ्या फोनास एक कॉल देऊन पाहा. वाजतो कीं नाहीं कळत नाहीं." तिनं दिला. फोन वाजला. अप्पांनी तो उचलला आणि पलीकडून रंजनी असल्याचं माहीत असूनही "हलो, गिरिधर राव," असं म्हणाले.

ती स्वयंपाकघरातून माझ्याकडे आली. "तुला काय वाटलं, ते लोक तारीख विचारून फोन ठेवत होते?" तिनं विचारलं. "तारीख एक मिनिट. मग कुणाच्या मुलीचं ठरलं, कुणाचा गुडघा, कुणी घर विकलं, कोण गेलं. अम्मा गेल्यापासून ते अख्ख्या चेन्नईशी बोलत होते, अनिकेत. तू त्यांना शांत करून टाकलंस."

मी म्हणालो, की त्यांचा त्रास कमी व्हावा म्हणून केलं. ते खरं होतं. माझाही त्रास कमी व्हावा म्हणून केलं, हेही खरं होतं. तेवढं मी म्हणालो नाही.

अखेर फोन वाजला तो एका शनिवारी, जेवायच्या सुमारास. सुब्बा राव होते. अप्पांनी "हलो" म्हटलं आणि मग ते नुसतं ऐकत राहिले. त्यांचा आवाज एकदाही चढला नाही.

"विशालाक्षीकडे आज तिच्या यजमानांचें श्राद्ध होतें," फोन ठेवून ते मला म्हणाले. "तुझ्या मशिनीनें आजचा दिवस दिला. त्यांच्या घरीं पहिला धरतात. पहिला काल होता. सुब्बा देवळांत छापील पंचांग पाहात होता, त्यास दिसलें."

मी लॅपटॉप उघडला. बघताक्षणी दिसलं, आणि दिसल्यावर असं वाटलं की ते सगळ्यांना पहिल्यापासून दिसत असणार. सी शून्यापासून मोजते. तिच्या लेखी पहिला दिवस म्हणजे शून्य आणि दुसरा म्हणजे एक. ती स्क्रिप्ट भाषा तुमच्याआमच्यासारखी एकापासून मोजते. तिनं "पहिला" म्हणून एक हा आकडा चळतीवर ठेवला की सी तो उचलून दुसरा दिवस देत होती. आणि "दुसरा" म्हणून दोन ठेवला की तो यादीबाहेर जात होता. म्हणूनच सभेत प्रोग्राम मेला होता. तो मरून काही सांगत होता. मी एक ओळ घालून त्याचं तोंड बंद केलं. त्या ओळीमुळे दुसरा मागणाऱ्यांना दुसराच मिळत राहिला, आणि पहिला मागणाऱ्यांनाही दुसरा मिळत राहिला. दोन्ही भाषा आपापल्या जागी बरोबर होत्या. मध्ये दुभाष्या म्हणून मी उभा होतो.

बाकीच्या पहिला धरणाऱ्या घरांच्या तारखा अजून यायच्या होत्या. त्या मी तिथंच सुधारल्या. विशालाक्षी मामींची तारीख सुधारण्यासारखी राहिली नव्हती.

"फोन करून सांगूया का?" मी विचारलं.

"ह्यास फोन पुरे होत नाहीं," अप्पा म्हणाले, आणि चप्पल शोधू लागले.

विशालाक्षी मामी जॉर्ज टाउनमध्ये राहतात, कागदाच्या घाऊक दुकानांच्या वरच्या मजल्यावर. त्यांचे यजमान त्याच रस्त्यावर एका व्यापाऱ्याकडे कामाला होते. आम्ही रिक्षातून उतरलो तेव्हा हातगाड्यांवर कागदाची रिमं चढत होती आणि त्यांच्यामधून अप्पा काठी न टेकता, जवळजवळ धावतच चालले होते. मी मागून. वाटेत मी दोनदा म्हटलं की मी बोलतो. त्यांनी दोनदा ऐकलं नाही.

वर सगळं आटोपलं होतं. केळीची पानं उचलली होती, शास्त्रीबुवा उपरणं सावरत निघायच्या बेतात होते, घरभर तुपाचा आणि तिळाचा वास होता. मामींचा मुलगा वेंकट सिंगापूरहून खास ह्यासाठी आला होता. आपल्या घरची चाल त्यानंच तिथून एका ओळीत लिहून पाठवली होती आणि खाली मला शाबासकीचं चित्र टाकलं होतं. तो सोवळ्यातच दार उघडायला आला.

अप्पा उंबऱ्याच्या आत आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "विशालाक्षी, चूक झाली. तिथि काल होती. प्रोग्राम माझा."

"नाही," मी म्हणालो, "चूक माझी आहे. त्यांचा भाग बरोबर आहे. मी जो—"

"प्रोग्राम माझा," अप्पा पुन्हा म्हणाले. इतक्या दिवसांत ते माझ्याशी पहिल्यांदाच आवाज चढवून बोलले.

वेंकटचा चेहरा उतरला आणि मग तापला. तो तमिळमध्ये काहीतरी म्हणाला, मग इंग्रजीत, मग मराठीत. रागावताना त्याला कुठली भाषा धरावी हे सुचत नव्हतं. "मी लीव्ह घेऊन आलों. आज रात्रीं माझी फ्लाइट हाय. काल मी इथेंच होतों! काल इथेंच बसून टीव्ही पाहात होतों!" शास्त्रीबुवा मध्ये पडून म्हणाले की चुकलेल्याला शास्त्रात सोय असते, अमावास्येला करता येतं. कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. नऊवारी नेसलेल्या, बारीकशा. त्यांनी विचारलं, "काल होतें म्हणतां?"

"होय."

"म्हणजे हे काल येऊन गेले."

खालून हातगाडीवाल्याचं ओरडणं येत होतं.

"वेंकट, काल मी दुपारीं काय केलें होतें रे?"

"दोसे, अम्मा."

"शिळ्या पिठाचे." मामींनी मान हलवली. मग त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "लग्न झाल्यापासून मी पान मांडून बसत होतें. हें इथेंच खालीं दुकान. आत्तां येतों म्हणून पोर पाठवीत, आणि ऊन उतरल्यावर येत. वरण किती वेळां ऊन केलें असेन. एकदां तरी वेळेवर आले? एक दिवस त्यांणीं माझी वाट पाहिली तर काय झालें?"

त्या हसत होत्या की नव्हत्या हे सांगता येणार नाही, कारण त्यांनी पदर तोंडावर धरला. वेंकट त्यांच्याजवळ जाऊन बसला. अप्पा अजून उभेच होते.

"बैस की गिरिधरा," मामी पदराआडून म्हणाल्या. "आणि तूं फोन कां करीत नाहींस आतां?"

"तुम्हीच करीत नव्हतां."

"तारीख तर मशीन सांगते. मग कशाच्या निमित्तानें करूं?"

अप्पा बसले. मामींनी वेंकटला पानं मांडायला सांगितलं आणि आम्हाला जेवायला बसवलं. वडे होते, कच्च्या केळ्याची भाजी होती, खीर होती. मी मान खाली घालून जेवलो. मामी मला वाढताना म्हणाल्या, "घे, घे. चुकलेल्या दिवसाचें असलें तरी मीठ बरोबर पडलें हाय." मिरजेत कुणी माझा इतका हळुवार अपमान केल्याचं मला आठवत नाही. अप्पा आणि मामी तिथून पुढं कुणाचं काय झालं ते बोलत बसले. पुष्कळ जणांचं पुष्कळ काही झालेलं होतं.

परतताना आम्हाला पॅरीस कॉर्नरला बस मिळाली, आणि नवल म्हणजे बसायला जागाही मिळाली. अप्पा खिडकीशी. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. ह्या वेळी गप्प म्हणजे काय, असा हिशेब मी केला नाही.

मी म्हणालो, "अप्पा, मी ती स्क्रिप्ट काढून टाकतो. पहिल्यासारखं करू."

"कां काढतोस? चांगली हाय. मज तो अर्धविराम आतां दिसत नाहीं." ते बाहेर बघत म्हणाले. "फक्त तारीख पाठवायाच्या आधीं मज दाखवीत जा. मी त्या घरीं एक फोन करीन. बरोबर हाय कीं म्हणून विचारीन."

"प्रत्येक घरी?"

"प्रत्येक घरीं."

मी माझ्या मीटिंगांचा विचार केला, आणि मग करायचा सोडून दिला. "सरि," मी म्हणालो.

बस अड्यारच्या पुलावर आली तेव्हा ते म्हणाले, "माझ्या वेळेस तूं कुठला धरशील?"

"काय कुठला?"

"दिवस. दोन्हीं दुपारीं तिथि आली तर. आम्हास मुलगा नाहीं. रंजनी आणि तूंच करायाचें. आमच्या घरीं आजोबांपासून दुसरा धरतात."

शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या पिशवीतून कढीपत्ता डोकावत होता, मी त्याच्याकडे बघत राहिलो.

"मग दुसरा धरू," मी म्हणालो.

"नको." अप्पांनी मान हलवली. "दोहोंपैकीं जो रविवार असेल तो धर. एरवीं तुम्हा दोघांस ऑफिस असतें. तूं रजा मागशील, तो जर्मन देणार नाहीं, मग रंजनी तुझ्यावर रागावेल. रविवारीं सावकाश होतें."

"अप्पा, असा नियम शास्त्रात कुठं असतो?"

"शास्त्रांत असतां तर मींच सींत घातला असतां." ते माझ्याकडे वळले. "नाहीं म्हणून तर तुझी भाषा आंत बसविली ना? लिही त्यांत."

घरी रंजनीनं दार उघडलं. काय झालं ते अप्पांनी तिला सांगितलं, मामींचं, वेंकटचं, वड्यांचं सुद्धा. बसमधलं सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

आता तारखा निघतात, अप्पा त्या बघतात, आणि मग सकाळपासून दुपारपर्यंत आमच्या घरातून चेन्नईभर फोन जातात. मी हेडफोन बदलला आहे, त्यानं फरक पडत नाही. वेंकट अमावास्येला येऊ शकला नाही. त्यानं सिंगापूरहून फोन लावला आणि मामींनी तो पानाशेजारी उभा करून ठेवला, असं अप्पांना मामींकडूनच कळलं. सुब्बा रावांनी सभेत ठराव आणला की ह्यापुढे सर्व मोजणी एकापासून व्हावी. तो एकमतानं संमत झाला. सी भाषेला अजून कळवलेला नाही.

अप्पांचा नियम एका ओळीत लिहिता येतो. मी तो लिहिलेला नाही. ते अधूनमधून विचारतात, "झालें कीं नाहीं?" मी मान वर न करता सांगतो की टेस्टिंग चालू आहे, फार किचकट आहे, अजून बरीच वर्षं लागतील.